वाघनखीची शेळी झाली त्याची हकिगत

२ नोव्हेंबर, रविवार. सायं. ७
आजपासून मी किमयागार.
नात अपेक्षा आणि तिचे मित्र निशांत, काजल तीन वर्षांपासून दर रविवारी चार वाजता आमच्या नालवाडीच्या घरी पुढच्या खोलीत बसतात. खेळ गोष्टीचा आहे. निशांत गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, आणि पुढे काय घडतं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. अपेक्षा म्हणजे वाघनखी, तलवारवाली. काजल म्हणजे मुंगूस नावाची चोर. डोंगरावरचा ड्रॅगन मारला की खेळ संपला. त्यांचा अर्क बनवणारा गडी नागपूरला नोकरीला लागला, म्हणून मला घेतलं. म्हटलं, चौतीस वर्षं समुद्रपुरात डॉक्टरकडे कंपाउंडर होतो, मला काय शिकवता.
नियम: अर्क पाजला की फासा टाकायचा. पाच किंवा कमी आलं तर साइड इफेक्ट. दोन अर्क मिसळले असतील तर पंधरापर्यंत साइड इफेक्ट.
मुंगूस जखमी झाली. जखमेचा अर्क तळाशी थोडा उरला होता, ताकदीचाही थोडा. दोन्ही एका बाटलीत केले. कंपाउंडरच्या हातून थेंब वाया जात नाही. आकडा आठ. जखम भरली, पण दाढी उगवून गुडघ्यापर्यंत आली. दाढीत पाय अडकून मुंगूस विहिरीत. तिला काढण्यातच रविवार गेला. काजल म्हणाली, आबाजी, माह्या पोरीचं लग्न कसं व्हायचं आता?
फासा एका बाजूनं घासलेला दिसतो. बायकोला, विमलला सांगितलं. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. हिला खेळातलं कळत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
अपेक्षाला पुण्याला नोकरी. १ डिसेंबरला हजर व्हायचं. शिकायला म्हणून आमच्याकडे आली, त्याला दहा वर्षं झाली.
मी काळजी करत नाही. तीन वर्षांचा खेळ अर्ध्यावर टाकून कोणी जातं का? भरल्या ताटावरून उठण्यासारखं आहे ते. आणि ड्रॅगन अजून बराच लांब आहे.
संकल्प: यापुढे मिसळणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
मिसळलं. पण कारण होतं. डोंगरावर थंडी होती आणि घाईही होती. म्हणून थंडीचा अर्क आणि वेगाचा अर्क, अर्धा-अर्धा. आकडा बारा. वाघनखीची शेळी झाली.
अपेक्षानं विचारलं, तलवार धरता येते का? निशांत म्हणाला, खुरात कशी धरशील वं? मी म्हटलं, शेळी डोंगर फार चांगला चढते. कोणी लक्ष दिलं नाही. दीड तास शेळीला चारा शोधला. उतारा मिळेपर्यंत ड्रॅगनची लढाई पुढे ढकलली.
मी मुद्दाम काही करत नाही. नोंद असू द्यावी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मोठी निळी बॅग आली. चाकांची. चाकं ओढून पाहिली. मजबूत निघाली.

१६ नोव्हेंबर, रविवार. सायं. ६:३०
उतारा दिला. मिसळायचा प्रश्नच नव्हता. फक्त उताऱ्याचा अर्क, आणि चवीपुरता दुसरा. आकडा पंधरा. एका आकड्यानं घात झाला.
शेळीची वाघनखी झाली, पण साइड इफेक्ट असा की सूर्य मावळेपर्यंत ती फक्त खरं तेच बोलणार. सगळे हसले. वाघनखीनं मुंगसाला सांगितलं, तुही दाढी तुले शोभत होती. निशांतला सांगितलं, तुहा ड्रॅगन मले मांजरीसारखा वाटते. मग माझ्याकडे वळली. हसत नव्हती.
म्हणाली, वैद्यबुवा, तुम्ही काऊन मिसळता ते मले माहीत आहे. मी एकोणतीसले जाणारच आहो. ड्रॅगन मेला तरी, नाई मेला तरी. पण त्याले मारून जायचं आहे मले. तीन वर्षं झाले. पुढच्या रविवारी एकच बाटली देजा. साधी.
निशांत वही चाळत बसला. काजलनं शेंगदाणे सोलले आणि खाल्ले नाहीत.
हे वाघनखी बोलली. अपेक्षा नाही. नियमच तसा होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार
माळ्यावरून दवाखान्यातली जुनी काचेची बाटली काढली. गरम पाण्यानं तीनदा धुतली. पूर्वी डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कात्रीनं कापून चिकटवायचो, तशी चिकटवली. हात अजून चालतो. आत कोकम सरबत, दिसायला. उद्या हीच समोर ठेवायची.
विमल म्हणाली, सरबतात जिरं घालू का? एवढ्या जोरात नाही म्हणालो की शेजारच्या सुलोचनाबाई खिडकीत आल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार
एकच अर्क दिला. ताकदीचा. मिसळला नाही.
फासा हातात घेतला. पाचच्या आत यावा असं मनात आलं नाही.
आलं. पण एकदाच.
आकडा एकोणीस. निशांत म्हणाला, साइड इफेक्ट काहीच नाई, आबाजी! वाघनखीनं दोन घावांत ड्रॅगन पाडला. पाच वाजून वीस मिनिटांनी खेळ संपला. तिघं एकमेकांच्या गळ्यात पडले, ओरडले. अपेक्षानं बाटली उचलून सरबत एका दमात पिऊन टाकलं आणि माझ्या पाया पडली. म्हटलं, अग, डोसाप्रमाणे घ्यायचं होतं.
एवढ्या वर्षांत माझं औषध इतकं लागू पडल्याचं आठवत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
वर्धा स्टेशन. गाडी वेळेवर आली. ती एरवी कधी येते?
प्रवासाला ओवा-सुंठीचा काढा दिला. अपेक्षानं विचारलं, मिसळलं तर नाई ना काही? नाही म्हटलं. (थोडी बडीशेप.)
डबा कोणता ते पाहायला तिनं मोबाइलवर तिकीट उघडून माझ्या हातात दिलं. चष्मा लावून सगळं वाचलं. तिकीट काढल्याची तारीख: १२ ऑक्टोबर. मला खेळात घेतलं २ नोव्हेंबरला.
म्हणजे दाढी, विहीर, शेळी, सगळं फुकट.
बॅगची चाकं फलाटावर अजिबात अडकली नाहीत.

३० नोव्हेंबर, रविवार. दु. ४
संकल्प: नवा खेळ सुरू करायचा. निशांत, काजल आणि मी. पुढच्या खोलीत तयार बसलो आहे.

५:१०
निशांतचा फोन. म्हणाला, आबाजी, दोघा-तिघांत मजा नाई येत, पाहू कधी. म्हटलं, पाहू. अपेक्षा पोचली का ते त्यालाच विचारलं. म्हणाला, केव्हाच पोचली, तुमाले फोन नाई आला? म्हटलं, आला असेल, मी फासा टाकत होतो.
विमलनं विचारलं, पाच कप च्या काऊन मांडला? सवय, म्हटलं. दोन तिनं घेतले, दोन मी. एक उरला. तो सकाळच्या उरलेल्या चहात ओतून ठेवला. ती म्हणाली, फेका तो, पोट बिघडन. म्हटलं, काही होत नाही, चौतीस वर्षं हेच केलं. आणि तिच्यासमोर पिऊन दाखवला.

७:००
पोट बिघडलं. दूध खराब असणार.