बर्फावर पडलेली रायफल कोणाकडे जावी याबद्दल

मी इमीना, वय एकोणीस, राहणार कांगेक वस्ती, चर्चच्या मागचं हिरवं घर, माझं मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. दमलेय खूप, पण दमणं म्हणजे डोकं बिघडणं नव्हे, असं बिबी म्हणते. बिबी आमच्या वस्तीची नर्स. कोणी जबरदस्ती केलेली नाही. उलट आजी सकाळपासून कागद ओढायला बघतेय.

धुकं उठलं की हेलिकॉप्टर येणार आणि मला पुढे कोपनहेगनला नेणार. तिथे छाती उघडून हृदयाची झडप बदलणार. बहुतेक जण बरे होऊन घरी जातात, असं डॉक्टर फोनवर म्हणाला. बहुतेक म्हणजे सगळे नाहीत, म्हणून लिहून ठेवते. शाळा मी मधेच सोडली. बोलतात तसं लिहिलंय. खरं तर मी एवढं बोलतही नाही.

आधी मी कोण ते लिहायला हवं, नाहीतर पुढचं कोपनहेगनच्या वकिलाला कळायचं नाही. मी जन्मले त्याच्या जरा आधी माझे आजोबा गेले, आईचे वडील. त्यांचं नाव इमीना. आमच्यात गेलेल्याचं नाव नव्या बाळाला देतात, मुलगा असो की मुलगी, आणि नावाबरोबर माणूस परत घरात येतो. म्हणून आजी मला "अहो" म्हणते. मी अंथरुणात मुतत होते तेव्हापासून म्हणते. आई मला "बाबा" म्हणते. ती आता दुसऱ्या गावी असते, तिचा वेगळा संसार आहे, पण फोनवर बाबाच म्हणते. आणि युआकामामा, आजोबांचा एकुलता एक मुलगा, पंचेचाळीस वर्षांचा, दाराएवढा माणूस, तोही मला "बाबा" म्हणतो. लहानपणी मी मटकन खाली बसून रडायला लागले की मामा म्हणायचा, "बाबा, गप्प व्हा. मी रडलो की तुम्ही मला चाबूक दाखवायचात, आठवतंय ना?" सगळे हसायचे. मला काही आठवायचं नाही, पण मी गप्प व्हायचे.

एक. घर माझं नाही, आजीचं आहे. खिडकीपाशी माझी खाट आहे ती आजीने घ्यावी, तिथे उजेड चांगला येतो, कातडी शिवायला बरं. माझे सीलच्या कातड्याचे बूट आईला. तिला जरा घट्ट होतील. होऊ देत.

दोन. बँकेत जे असेल ते आजीला. टोबियासच्या दुकानात फळ्यांवर माल लावला त्याचे ते पैसे आहेत.

तीन. टोबियासला माझ्याकडून काहीही नाही, आणि हे मुद्दाम लिहितेय, विसरून राहिलेलं नाही. शिकारीहून मी रिकाम्या हाताने आले त्यानंतर, डॉक्टरने काम बंद करायला सांगेपर्यंत, तो रोज गल्ल्यावरून विचारायचा, "काय आजोबा, म्हातारपणी नजर गेली वाटतं?" गिऱ्हाइकं हसायची. एकदा म्हणाला, "नाव बसलं नाही पोरीला, घरंगळून पडलं." ते मी ऐकलं. मी तेव्हा मागे बिस्किटांचे खोके फोडत होते.

चार. शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत ज्या बाई मला वर्गात उभं करून "मोठ्याने, इमीना, मोठ्याने" म्हणायच्या, त्यांच्यावर माझा आता राग नाही. कळवायची गरज नाही.

पाच. रायफल.

ही लांबलचक होणार. मधे पाणी प्यायला थांबले तर शाई बदललेली दिसेल, तरी अक्षर माझंच.

दुर्बीण बसवलेली रायफल, पट्टा सीलच्या कातड्याचा, दस्त्यावर आजोबांनी कोरलेला पक्षी, जो बदकासारखा दिसतो पण ससाणा आहे असं आजी सांगते. आजोबा गेल्यावर ती मामाला मिळेल असं सगळ्यांना वाटलं होतं. मामालाही. पण आजीने ती भिंतीवरून काढू दिली नाही. म्हणाली, "ज्यांची आहे ते मोठे होतायत." मी सोळा वर्षांची झाले तशी तिने माझ्या हातात दिली. "घ्या. तेल मी घालत होते." मामा तिथेच कॉफी पीत होता. म्हणाला, "बाबा, सांभाळून हं, मला कधी हात लावू दिला नव्हतात." हसून म्हणाला. पण कप तसाच ठेवून निघून गेला.

यंदा एप्रिलमध्ये मामा मला पहिल्यांदा त्याच्या कुत्र्यांच्या गाडीवरून बर्फावरच्या सीलच्या शिकारीला घेऊन गेला. सील ऊन खायला भोकातून वर येतं आणि भोकाच्या तोंडाशीच पडून राहतं. आपण पांढऱ्या कापडाच्या आडोशामागून पोटावर सरकत जायचं, रायफल छोट्या घसरगाडीवर बांधलेली. गोळी डोक्यातच लागायला हवी. जरा बाजूला गेली की सील भोकात घसरतं आणि संपलं, मांस गेलं, कातडंही गेलं. म्हणून दुर्बीण.

किनाऱ्याशी बर्फ फुटून ढिगारे झालेले असतात. मी खाली उतरले, मामा वरून सामान देत होता. तंबू दिला, स्टोव्ह दिला. मग रायफल. हातमोजा काढला होता त्याने, बोटं गारठलेली, पट्टा अंगठ्यात अडकला. रायफल सुटली आणि दुर्बिणीवरच पडली. फार आवाज झाला नाही. गोधडीत गुंडाळलेली बरणी आपटावी तसा झाला. काच शाबूत होती. मामाने बाहीने बर्फ पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"थंडी आहे," मामा म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

झालं. एवढंच बोललो आम्ही.

दुर्बीण आपटली की पुढे जायचं नाही, आधी लांब रिकामा डबा ठेवून गोळ्या मारून बघायच्या, किती सरकलीय ते कळतं, मग नीट करायची. हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण डबा मांडणं म्हणजे "तुम्ही पाडलीत" असं मामाच्या तोंडावर म्हणणं. मी भाची. मला ते जमलं नाही. आणि मामा, तो तर बापाची बंदूक बापाच्या डोळ्यांदेखत पाडून उभा होता. तो वाट बघत होता मी रागवायची. मी रागावले नाही, म्हणून त्यालाही काही बोलता येईना. आम्ही दोघं एकमेकांची वाट बघत बसलो आणि डबा गाडीतच राहिला.

पहिली गोळी डावीकडे गेली. बर्फाचा तुरा उडालेला मी पाहिला. दुसऱ्या सीललाही डावीकडे. मला नेम उजवीकडे धरता आला असता. पण मग मामाला कळलं असतं की मला कळलंय.

"माझी घ्या," मामा म्हणाला तंबूत.

"नको."

"बाबा, घ्या ना."

"नको म्हटलं ना." त्या फेरीत मी केलेलं सगळ्यात मोठं भाषण ते.

मग परत सरकत जायचं, परत चुकायचं, मागे यायचं. श्वास पुरत नव्हता, वाटलं, लाज वाटली की असंच होत असेल. शेवटच्या सीलपासून मागे येताना मी आडोशासकट आडवी झाले. मामाने मला गाडीवर घातलं आणि कुत्र्यांना कुठेही न थांबवता घरी आणलं. मी वर आभाळ बघत होते. तो सारखा म्हणत होता, "बाबा, बोला काहीतरी. शिव्या द्या."

तेव्हापासून मामा आमच्या घरात पाऊल टाकत नाही. पाण्यासाठी बर्फाचे तुकडे आणतो, दाराबाहेर ठेवतो, जातो. शिकारीला गेलेला नाही. काल आजी दुकानातून आली ती तणतणत.

"अहो, तुमच्या पोराचं डोकं फिरलंय. तुमचं हेलिकॉप्टर गेलं की कुत्री गोळी घालून मारणार आणि शहरात मासळीच्या कारखान्यात लागणार, असं सांगितलंय त्याने टोबियासला."

"सगळी कुत्री?"

"सगळी. मग काय कारखान्यात नेणार?"

"मी काय करू, आजी?"

"मला काय विचारता? बाप तुम्ही आहात."

म्हणून पुढचं कलम. एरवी मी मामाला तुम्ही म्हणते. इथे म्हणणार नाही.

सहा. युआका, बंदूक पाडलीस. हात गारठतात, पडते. त्याबद्दल राग नाही. पण पाडल्यावर डबा न मांडता तसाच पुढे गेलास, हे मी तुला शिकवलं नव्हतं. लाज वाटली तर वाटू द्यायची आणि डबा मांडायचा. एवढा मोठा झालास आणि माझ्या ओरडण्याची वाट बघत बसलास? घे, ओरडलो. झालं आता.

दुसरं. माझी झडप तू बिघडवलेली नाहीस. लहानपणीच्या तापात ती खराब झाली, डॉक्टर म्हणाला. बर्फावर पडले नसते तर कोणाला कळलंही नसतं आणि मी दुकानात फळीवर डबे लावता लावता गेले असते, टोबियासच्या पायाशी. त्यापेक्षा तुझी गाडी बरी.

तिसरं. कुत्री मारायची नाहीत. तुझ्या गाडीच्या जोडणीत दोन माझी आहेत, पांढऱ्या कानाची आणि तिची बहीण. ती दोन मी आजीला देते आहे आणि ती जोडणीतच राहतील. तुझ्या आईची कुत्री मारून दाखव.

चौथं. रायफल माझ्यामागे तुझी. पहिल्यापासून तुला हवी होती. मला माहीत होतं. आजीने त्या दिवशी मला द्यायला नको होती असं नाही, पण तुझ्यासमोर द्यायला नको होती.

इथवर दुपारी लिहिलं होतं.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी. धुकं आहे तसंच, हेलिकॉप्टर आज येत नाही. मला जरा डोळा लागला, तेवढ्यात आजीने कागद उचलला आणि मामाच्या दारात जाऊन सहावं कलम वाचलं. मनातल्या मनात वाचणारी बाई ती नाही. सगळ्या वस्तीने ऐकलं, टोबियासनेही. मी डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

आजी आली आणि भिंतीवरची रायफल घेऊन परत गेली. मला विचारलंही नाही.

बऱ्याच वेळाने खाली बर्फावर गोळीचा आवाज आला. मग थांबून अजून एक. मग पुष्कळ वेळ काही नाही, मग परत. आजी खिडकीत उभी राहून म्हणत होती, "वाकडा काय पडलाय, तसा नेम धरतात का! अहो, बघा तरी."

मामा आत आला. पहिल्यांदा आत आला. बूट काढायचे विसरला, आजी त्यावरून बोलली.

"बाबा," तो म्हणाला, "डब्याच्या डावीकडे एक वीत जात होती."

"माहीत आहे मला."

"आता मधोमध जातेय." मग खाली बघून म्हणाला, "रागावलात ते बरं केलंत."

"मला सवय नाही, मामा."

"चांगलं जमलं. पहिले बाबाही असंच ओरडायचे."

तेवढ्यात बिबी सही घ्यायला आली. मामाने पेन मागितला. बिबी म्हणाली, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. मामाने विचार केला असं वाटलं नाही.

"मग मला काही नको. खोडा, बाबा. तुम्ही मेल्यावरची बंदूक घेऊन मी काय करू? परत या आणि पहिलं सील मारा."

"आणि नाही आले तर?"

"तर पुढचं बाळ होईल त्याला नाव देऊ. बाबा तिसऱ्यांदा येतील. मी तोवर तेल घालत बसेन. कुत्र्यांनाही कोणीतरी खायला घालायला हवंच."

म्हणून सहाव्या कलमातलं चौथं मी खोडलं आहे, खोडाखोड माझीच. रायफल इमीना नावाच्या माणसाची राहील, ते नाव पुढे ज्याच्याकडे जाईल त्याची. तोवर युआकाने सांभाळावी. बाकी कलमं कायम, टोबियासचं धरून.

मी हे सगळं परत वाचलं. मान्य आहे.

सही: इमीना
ठिकाण: कांगेक वस्ती, ग्रीनलँड
तारीख: १९ मे २०१४

आमच्या दोघांच्या देखत सही केली:

साक्षीदार: बिबी ओल्सव्हिग, नर्स. नातं: काही नाही.

साक्षीदार: युआका. नातं: मुलगा.