आईचा आकडा

गास, १४ फेब्रुवारी १९८२

प्रिय फ्लॉसी,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. घरी सगळे ठीक. केळी यंदा चांगली धरलीत, आई रोज चर्चमध्ये मिस्साला चालत जाते. डॉक्टरांचा नव्या औषधाचा अभ्यास मासिकात छापून आला, आभारांत आपल्या दोघींची नावं आहेत, हे वाचलं.

हॉस्पिटलातली नोकरी सोडताना मी तुला म्हटलं होतं, आईला सोबत हवी. ते खरं नव्हतं. अभ्यास संपल्यावर कोणाला काय दिलं ती यादी उघडली, तेव्हा मी त्यात आईचं नाव पाहिलं. तेविसावी रुग्ण, बर्था : मिठाचं पाणी.

आईचं पित्ताशय काढलं तेव्हा तूच तिला अभ्यासात घेतलंस. अर्ध्यांना दुखण्यावरचं नवं औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय ते फक्त तुला माहीत. दुखणं शून्य ते दहात विचारून लिहायचं काम माझं. रुग्णाला सोसेनासं झालं, तर मी सांगायचं; मग त्याला दुखणं थांबवायचं नेहमीचं इंजेक्शन मिळे आणि तो अभ्यासातून बाद होई. नियमाबद्दल माझी तक्रार नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई नऊ म्हणाली, दुपारी दहा. मी तुला औषधांच्या खोलीच्या दारात गाठलं. विचारायला नको होतं. पण तू नुसतं ‘सांगता येत नाही’ म्हणाली असतीस, तरी मी इंजेक्शन मागितलं असतं. तू माझा हात धरून म्हणालीस, “काळजी करू नकोस, मावशीला औषधच मिळालंय.”

त्या आठवड्यात दोघे रुग्ण आधीच बाद झाले होते, डॉक्टर तुझ्यावर चिडले होते, हे मला ठाऊक होतं. तरी विश्वास ठेवला. एका बाकावर शिकलो आपण.

पुढचं कुणालाच सांगितलेलं नाही. आई रडत होती. “मला सहन नाय होत, हेलन.” मी तिला सगळ्या वॉर्डासमोर दटावलं, “औषध अंगात आहे, तरी दुखतं कसं? नाटकं पुरे.” तिने डोळे पुसले. चार वाजता विचारलं, तर म्हणाली, तीन. मी तीन लिहिलं. तुमच्या मासिकात ते तीन मोजलेलं आहे.

गेल्या आठवड्यात तिच्या पायात काच घुसली. दोन दिवस तशीच चालत होती. ओटीवर रक्त दिसलं म्हणून मला कळलं. का बोलली नाहीस विचारलं, तर म्हणाली, “तुला कशाला त्रास?”

ती अजून तुझी चौकशी करते. तुझ्यासाठी घरच्या केळ्यांची सुकेळी बांधून ठेवलीत. तू ये, आणि ती खोटं बोलत नव्हती, हे तिला स्वतःच्या तोंडाने सांग. माझ्या वाट्याचं मी सांगेन. तोवर पत्र पाठवू नकोस.

बर्थाची मुलगी,
हेलन