शुद्ध बोलायला लावणाऱ्या बाईंना

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. भांडुपच्या तुमच्या बालवाडीत अजून तुमचा हार घातलेला फोटो आहे. तो पाहून मला आदर वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी चार वर्षांची होते. तुम्ही बटणांचा डबा पुढ्यात ओतलात आणि रंगाप्रमाणे ढीग करायला लावलेत. ते सगळ्यांना जमलं. मग म्हणालात, आता लहान-मोठी वेगळी करा. बाकीची मुलं लाल बटण लालातच टाकत राहिली. मी मात्र स्वतःशी बोलत होते, "आता रंग नको, आता ल्हान-मोठा बघूचा," आणि त्या बोलण्याच्या आधाराने माझा हात बरोबर वळत होता. तुम्ही हाताकडे पाहिलंच नाहीत. तुम्हाला ऐकू आली फक्त मालवणी. "पुटपुटतेस काय? आणि ही काय भाषा?" म्हणत तुम्ही माझे ढीग मोडलेत. शाळा सुटल्यावर आईला थांबवलंत. "घरी हे असलं बोलणं बंद करा. मुलगी मठ्ठ राहील." आई म्हणाली, "बाई, माका दुसरा येणा नाय." "मग कमी बोला," म्हणालात आणि दुसऱ्या मुलाच्या आईकडे वळलात. एवढ्या अडाणीपणाला आमच्या चाळीत शिस्त म्हणायचे.

आईने ऐकलं. भाकरी थापताना ती मला माशांच्या, भुतांच्या, गावातल्या भांडणांच्या गोष्टी सांगायची. ते सगळं थांबलं. "जेव", "नीज", एवढंच उरलं. वर्गात मीही गप्प झाले, आणि तुम्ही त्याला सुधारणा म्हणालात.

आता मी मुलुंडला बालवाडीत शिकवते. परवा एक मुलगी चमचे लावताना मध्येच थांबली, गुजरातीत स्वतःशी काहीतरी बोलली आणि सगळी मांडणी बदलून मोकळी झाली. एका विचारावरून दुसऱ्यावर जाताना लहान मुलाला शब्दच हात देतात. हे कळायला विद्वत्ता लागत नाही, मुलाकडे बघावं लागतं. तुमच्याच्याने तेवढंही झालं नाही. तिच्या आईने विचारलं, घरी मराठी बोलू का? मी म्हटलं, तुमच्याच भाषेत बोला, भरपूर बोला.

हे पत्र कुठे जाणार नाही. खरं सांगायचं तर तुमच्यावर चिडणं सोपं आहे, तुम्ही उलट बोलणार नाही. आईने तुमचं का ऐकलं, याचा राग त्याहून मोठा आहे. ती आत बसून भाजी निवडतेय, आणि मी तिला अजून विचारलेलं नाही.