वरातीच्या गाडीचे अस्सल टायर

आदरणीय शामकांतराव,

यिशुनहून पद्माकरचा नमस्कार. आपली साखर आणि विहीणबाई जयाताईंचा गुडघा, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. एकाच बेटावर राहून पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. फोनवर माझा आवाज चढतो आणि आपण पडलात मुलाकडचे, म्हणून सौ. शैलाने फोन काढून घेऊन हातात पेन दिलं.

शिवांगी आणि धवलरावांची वरात आपल्या एकोणीसशे सत्तर सालच्या अमेरिकन मसल कारमधून निघणार, याला आमची ना नव्हती. पण सत्तरच्या गाडीला सत्तरचेच टायर हवेत हे आपलं खूळ, आणि 'तुम्ही बंदरातले, तुम्हाला काय अवघड' म्हणून ते माझ्या गळ्यात. अहो, मी जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो. जहाजाला टायर नसतात. (असतात, पण धक्का लागू नये म्हणून कडेला टांगलेले.)

तरी मुलीचा बाप म्हणून मुकाट्याने अमेरिकेहून जुन्या साच्यात नव्याने घडवलेले चार टायर मागवले. पांढरी अक्षरं, तीच रुंदी, सगळं तसंच. आपण भिंग लावलंत, आतल्या बाजूला अलीकडचं साल सापडलं आणि असे खिन्न झालात, जणू मीच ते कोरलंय. मग पुलाउ उबीन बेटावर जाणाऱ्या एका बोटीच्या कडेला मला आपले ते अस्सल दिसले, चारही, शेवाळासकट. बोटवाल्या अंकलना नवे देऊन जुने आणले. (असा सौदा करणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.) आपण ते छातीशी धरून डोळे पुसलेत. गॅरेजवाला म्हणाला, रबराचा दगड झालाय, शोभेला ठेवा, रस्त्यावर फुटतील. वाटलं, आता तरी शहाणपण सुचेल. कसलं काय, काल आपला निरोप आला की टायर हेच राहतील, गाडी टो-ट्रकवर चढवून वरात काढू.

शामकांतराव, नो-पार्किंगमधून उचललेल्या स्कूटरसारखी माझी मुलगी सासरी येणार नाही. मला संताप आलाय आणि तो मी लपवत नाही. (शिवांगी म्हणते, 'बाबा, एमआरटी ट्रेनने जाऊ लाह.' ते 'लाह' म्हणजे इथल्या शाळेचे संस्कार.)

कमी लिहिलं असल्यास क्षमा असावी. जास्त काही लिहिलेलं नाही.

आपला, अजून तरी व्याही,
पद्माकर

ता. क. सोबत मेथीचे लाडू पाठवले आहेत. ते जयाताईंच्या गुडघ्यासाठी आहेत, आपल्यासाठी नव्हेत.

आणखी ता. क. टायर हे निमित्त. लग्नाची बोलणी चालू असताना आपण म्हणालात, 'मुलगी एकतिशीची, तसा उशीरच झालाय.' ती आत चहा गाळत होती, तिने ऐकलं. पंचावन्न वर्षांचं रबर आपण छातीशी धरलंत तेव्हाही ती शेजारीच उभी होती. तेवढं वाक्य तिच्यासमोर मागे घ्या. मग गाडी टो-ट्रकवर चढवा नाहीतर आणखी कशावर, मागून ढकलायला मी येतो.