आधी दारात चप्पल काढ

आई, आज दुपारी मी एका बंद दारासमोर बसले होते आणि आत काय झालं असेल ते कळत नव्हतं. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

आमच्या वरच्या मजल्यावर परभणीकडची एक मुलगी भाड्याने राहते. कलेक्टर व्हायचं म्हणून दिल्लीला आलेली. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला, त्यात तिचं नाव नव्हतं, आणि कालपासून तिने दार उघडलं नाही. फोनही बंद. घरमालक माझ्याकडे आले, "मैडम, आपकी मराठी बच्ची है, आप बात करो. नहीं खोला तो पुलिस बुलाता हूँ." त्याच वेळी आमच्या चर्चच्या मंडळीतला एक तरुण माझ्याकडे आलेला होता, तोही मागोमाग जिना चढला. मनाने फार चांगला मुलगा. पण मी कडी वाजवायच्या आत त्याने दाराला हात टेकवून मोठ्याने सुरुवात केली, "ताई, येशू तुला बोलावतोय, तुझं ओझं त्याच्यावर टाक!" आतून काहीतरी दारावर येऊन आदळलं. "मला कुणाचाच देव नकोय! जा इथून!" घरमालकांनी आमच्याकडे वळून पाहिलं. "ये सब क्या चल रहा है यहाँ?" हल्ली हा प्रश्न साधा नसतो, आई; धर्मांतराचा आरोप व्हायला वेळ लागत नाही.

आणि मला माझ्या लहानपणीचं, आपल्या सरकारी क्वार्टरशेजारचं ते पंजाबी काकूंचं घर डोळ्यांसमोर दिसलं. त्यांचे यजमान गेलेत. चर्चच्या पाळकांनी तुझ्याकडे पिशवीभर सुवार्तेच्या पुस्तिका दिल्यात, पण तू पिशवी उघडतच नाहीस. पदर खोचून नळाशी उभी राहतेस आणि भेटायला येणाऱ्यांचे चहाचे कप विसळत राहतेस, दुपारभर. घरी आल्यावर मी विचारते, "तू तर प्रभूचं नावसुद्धा काढलं नाहीस!" तू माझ्यावर कधी आवाज चढवत नसायचीस, त्या दिवशी चढवलास. "तिच्या घरातला माणूस गेलाय. कुणाकडे गेलं की आधी दारात चप्पल काढायची, मग बोलायचं." पुढे कितीतरी महिन्यांनी काकूंनीच गच्चीवर पापड घालताना तुला विचारलं, डोळे मिटून तू कुणाशी बोलतेस म्हणून. तेव्हा मात्र तू तुझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलंस, काही हातचं न राखता.

मी त्या तरुणाला खाली पाठवलं. त्याला लागलं ते. "काकू, खरं सांगायची लाज कसली?" असं म्हणाला आणि गेला. मी फरशीवर बसले. "मी खालची काकू. प्रार्थना करणार नाही. नुसती बसते." घरमालक फोन हातात घेऊन येरझाऱ्या घालतायत. मी त्यांना हातानेच थांबा म्हटलं. बऱ्याच वेळाने विचारलं, "घरी कळवलंस?" मग अगदी दाराशी, खालून आवाज आला. तीही पलीकडे फरशीवरच बसली होती. "बाबांना कसं सांगू?" मी म्हटलं, "एकटीने नको सांगूस. मी बसते शेजारी."

कडी सरकली. डोळे सुजलेले, ओठ कोरडे पडलेले. मी तिला खाली आणलं, लिंबूपाणी दिलं आणि घरी फोन लावताना तिचा हात धरून ठेवला. तिने बाबांना निकाल सांगून टाकला. ते बोलेपर्यंत तिची नखं माझ्या तळव्यात रुतली. मग ते म्हणाले, "जेवलीस का बाळा?" त्यानंतर ती जी रडली, ते ऐकवत नव्हतं.

वरणभात खाताना तिने आपणहूनच विचारलं, "काकू, तो दादा ज्याचं नाव घेत होता, तुम्हीही त्यालाच मानता?" मी हो म्हटलं. तू गेलीस तेव्हा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मला उभंही राहवत नव्हतं, तेव्हा मी कुणाला हाक मारली आणि मला कुणी सावरलं, ते सांगू लागले. ती घास हातात धरून ऐकत होती. इतक्यात घरमालक चौकशीला आत आले.

तू समोर असतीस तर हे तुला सांगायचं धाडस मला झालं नसतं. त्यांना पाहताच येशू म्हणता म्हणता मी नुसतं देव म्हणाले.