गेरिटभावोजींची बादलीवरची वाढ

हॅरो क्रीक, मिशिगन
ऑक्टोबरचा शेवट

चि. डर्क यास अर्डिसताईचे आशीर्वाद.

विनिपेगला थंडी पडली असणार, त्यात विचारण्यासारखे काही नाही. तुझा गुडघा कसा आहे ते मात्र कळव, आणि डॉक्टरने सांगितलेले व्यायाम करतोस असे खोटे कळवू नकोस. माझी तब्येत उत्तम आहे. आजारी पडायला या महिन्यात सवड नव्हती.

शेत विकून आलेले पैसे गेरिटभावोजींच्या काकडीच्या लोणच्याच्या कंपनीत घालावेत का, हे ठरवायला तू मला वार्षिक सभेला धाडलेस. सभा चर्चच्या तळघरात झाली. (हॅमचे बन यंदा अर्धे कापून ठेवले होते. विक्री वाढली तर बन का घटले, हा प्रश्न मला दारातच पडला.) भावोजींनी फळ्यावर गेल्या वर्षीचे पाच लाख डॉलर आणि यंदाचे साडेसहा लाख लिहिले आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या पडल्याही. मी हात वर करून एवढेच विचारले, की यात ऑरगॅनिक वाढ किती? भावोजी खूश झाले. काकडीला फक्त शेणखत घालतो म्हणाले, आणि खिशातून प्रमाणपत्र काढले. त्यावर ट्रूडीमावशीने (तिला ऐकू कमी येते, बोलायला काही अडचण नाही) शेण लोणच्यात नेमके कधी घालतात, असे विचारले. खुलासा होईपर्यंत दोघांनी बन परत ठेवले.

शेवटी मीच फळ्याशी गेले. कंपनीने आपल्या मालावर, आपल्या बळावर वाढवलेली विक्री ती ऑरगॅनिक वाढ. दुसऱ्याचा धंदा विकत घेऊन आलेली विक्री त्यात धरायची नाही, आणि चलनाच्या दराने फुगलेलीही नाही. भावोजींनी गेल्या नोव्हेंबरात वेल्डा पोस्टमाचा बीटाच्या लोणच्याचा धंदा घेतला. त्याचे एक लाख साठ हजार मी पुसले. तुमच्याकडचा डॉलर वधारल्याने कॅनडातल्या विक्रीवर दहा हजार आयते आले होते, तेही पुसले. उरले चार लाख ऐंशी हजार. म्हणजे काकडी शंभरामागे चारने घसरली आहे.

“बँकेत तर साडेसहाच आले,” भावोजी म्हणाले. “बँक मूर्ख आहे का?”

“बँक काकडी आणि बीट वेगळे मोजत नाही. इकडे उभे राहा.”

मी त्यांना भिंतीशी उभे करून डोक्यावर खडूची रेघ मारली. मग बीटाच्या बादलीवर चढवले आणि दुसरी रेघ मारली. किती वाढलात, असे विचारले. “चांगला फूटभर,” असे ते अभिमानाने म्हणाले आणि झाकण आत गेले. उरलेली सभा त्यांनी एक पाय गुलाबी ठेवून चालवली. (ट्रूडीमावशी मघापासून ‘वाढ, वाढ’ ऐकून ताट पुढे करत होती, ते वेगळेच.)

“जपून हो भावोजी,” वेल्डा म्हणाली, “तेवढीच तर वाढ आहे तुमची.”

भावोजी माझ्याकडे वळले. “एवढं कळतं तर तूच विकून दाखव काकड्या.”

असो. तुझ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. काकडी स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत या कंपनीत एक सेंटही घालू नकोस.

तुझी,
अर्डिसताई

ता. क. भावोजींचे ते वाक्य ठराव म्हणून मंजूर झाले. सोमवारपासून विक्रीप्रमुख मी आहे.

दुसरा ता. क. पुढच्या सभेपर्यंत काकडी वाढली नाही तर मला त्याच बादलीवर उभे करायचे, असा उपठराव वेल्डाने मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. तेव्हा शेअर घेऊ नकोस, लोणचे घे. सहा खोकी पाठवली आहेत. नातेवाइकांनी घेतलेला मालही ऑरगॅनिकमध्ये धरतात. मी नियम पाहिला आहे. (लिहिलाही मीच.)

तिसरा ता. क. पैसे गेल्या वर्षीच्या दराने पाठव. तुला थोडे जास्त पडतील, पण माझा आकडा स्वच्छ राहील. बीट हवे असेल तर पुढच्या महिन्यात मागव. वर्ष उलटले, की तेही आपलेच धरतात.