लाल गाडीचे दिवे

शनिवार, १२ नोव्हेंबर १९८८

जयंत आत्ता पोचला. हसत हसत सांगतो, पोलिसांच्या नाक्यावर हवालदाराने झापलं म्हणून! ‘साब, बत्ती सीधी आँख में आती है.’ आणि हा हसतोय. एअरफोर्सचं ओळखपत्र दाखवलं की सगळं मिटतं, अशी याची समजूत. पण ओळखपत्र दाखवण्याइतकं जवळ तर पोचायला हवं ना!

अतिरेक्यांच्या धास्तीने जागोजागी नाके आहेत, आणि अंधार पडल्यावरचा नियम इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे – नाका दिसला की वेग कमी, डिपर, आणि गाडीच्या आतला दिवा चालू. आत कोण आहे ते त्यांना दिसावं म्हणून. आमच्या या लाल स्पोर्ट्स कारला आत दिवाच नाही. दोन सीटा आणि वर कापडी टप. मामंजी तिला ‘होडगं’ म्हणतात. जयंतने एका निवृत्त साहेबाकडून हौसेने घेतली, आणि दर शनिवारी संध्याकाळी तिच्यातून अंबाल्याहून घरी येतो. म्हणजे समोरच्याला काय दिसतं? नुसते दोन झगझगीत डोळे. बंदूक धरलेल्या माणसाला दिसेनासं झालं तर तो काय करेल? आमच्या शाळेतली शैलजा सांगत होती – तिच्या ओळखीच्या एकाने दिवे कमी केले नाहीत, खांद्यात गोळी बसली. चांगला घरंदाज माणूस.

जयंतला म्हटलं, दिवे नीट करून घे. ‘दाखवू की इंडस्ट्रियल एरियात कधीतरी.’ कधीतरी! मी काय उगाच फिजिक्स शिकवते? उद्या मीच करणार.

रविवार, १३ नोव्हेंबर

केले!

आधी जागा. आमच्या अंगणाला उतार आहे. परातीत पाणी घालून ठेवली तर सगळं पाणी एका काठाला. मामंजी व्हरांड्यातून म्हणाले, ‘नाचता येईना अंगण वाकडं.’ पण अंगण खरंच वाकडं आहे त्याला मी काय करू? शेवटी शेजारच्या ढिल्लों आंटींकडे गाडी नेली. त्यांच्याकडे सपाट फरशी आणि समोर कोरी भिंत. खडूने दिव्यांच्या उंचीची एक रेघ मारली, तिच्याखाली डिपरची दुसरी. आंटी म्हणाल्या, ‘ले बेटा, मेरी कंध पे ही स्कूल खोल ले.’ कंध म्हणजे भिंत. आणि चहा करायला गेल्या.

चालवणाऱ्याचं वजन हवं. जयंत जेवून आडवा झालेला, म्हणून मामंजींना सीटवर बसवलं. आत बसवणं सोपं होतं. बाहेर काढायला मी आणि आंटी, दोघी लागलो.

दिवेलागणीला दिवे लावून बघितलं तर दोन्ही तिरळे! डावा रेघेच्या किंचित वर, उजवा पार जमिनीकडे बघतोय. चकचकीत रिंग काढली की आत दोन स्क्रू – वरचा उंचीचा, बाजूचा डावी-उजवीचा. डावा जरा खाली घेतला, उजवा चांगला वर आणला. दोन्ही बरोब्बर रेघेवर. हातच्या कांकणाला आरसा कशाला? भिंतच साक्षीला होती.

जयंत उठून आला, बघून म्हणाला, ‘मान गए.’ मानायलाच हवं.

सोमवार, १४ नोव्हेंबर

पहाटे गेला. दिवाळीच्या चकल्या उरल्या होत्या, सगळ्या दिल्या. स्टाफरूममध्ये दिव्यांची कथा सांगितली, जरा मीठमसाला लावून.

शनिवार, १९ नोव्हेंबर

फार राग आला आहे.

जयंत आला तो म्हणतच आला – ‘तुझे दिवे पहिल्यापेक्षा वाईट आहेत.’ समोरचे सगळे ट्रक त्याला डिपर मारत होते. नाक्यावर तर आरडाओरडा झाला, त्याने तिथेच दिवे पूर्ण बंद केले आणि अंधारात थांबला. आता हसत नव्हता. म्हणाला, ‘सोमवारी मेकॅनिक.’

मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, दिवे रेघेवर होते. मग रस्त्यावर काय होतं? जेवण गेलं नाही. मामंजींनी गुळाचा खडा पुढे केला, म्हणाले, पोरी, चूक सापडेल, आधी पोटात काही घाल. तो मात्र खाल्ला.

रविवार, २० नोव्हेंबर

सापडली! सकाळी व्हरांड्यात तेलाच्या डब्याला ठेचकाळले, आणि पायाच्या कळेबरोबर डोक्यात प्रकाश पडला.

जयंत दर शनिवारी इथल्या झाडून सगळ्या मराठी घरांचं एअरफोर्सच्या कॅन्टीनमधलं सामान आणतो. लीनाचा कुकर, देशपांड्यांचे तेलाचे डबे, साबणांची खोकी. ‘तू येतोच आहेस तर’ म्हणून सगळे सांगतात, आणि याला नाही म्हणता येत नाही. आल्या आल्या तो सगळं उतरवून ठेवतो. मी गेल्या रविवारी दिवे जुळवले ते रिकाम्या डिकीवर! रस्त्यावर डिकी भरलेली. मागची बाजू दबते, नाक वर होतं, आणि दिवे सरळ माणसांच्या डोळ्यांत. उजवा तर आधी खाली होता, बिचारा निरुपद्रवी. त्यालाही मीच वर आणून ठेवलं.

मामंजींना सांगितलं. म्हणाले, ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. तुझी डिकी.’ हसून हसून पुरेवाट झाली.

सगळं सामान परत डिकीत भरलं. देशपांडे तेल मागायला आले, त्यांना चहा पाजून थांबवून ठेवलं. संध्याकाळी पुन्हा आंटींची भिंत, पुन्हा मामंजी होडग्यात. भरल्या गाडीवर दिवे रेघेच्या खाली घेतले, मग आणखी थोडे. जयंत या वेळी स्वतः टॉर्च धरून उभा होता. मेकॅनिकचं नाव काढलं नाही.

शनिवार, २६ नोव्हेंबर

दुपारच्या बसने अंबाल्याला निघाले आहे. परत येताना गाडी मी चालवणार. निकाल माझा मीच बघणार. पासच आहे!

रविवार, २७ नोव्हेंबर

एकाही ट्रकने डिपर मारला नाही.

नाक्यावर जयंत मागे जाऊन डिकी उघडून दाखवत होता. हवालदार माझ्या बाजूला आला. माझ्या वडिलांच्या वयाचा. हळूच म्हणाला, ‘मैडम, आज बत्ती ठीक है जी. पिछले शनिवार कुछ दिखा ही नहीं. मैंने घोड़ा दबा दिया था. कारतूस नहीं चला.’

पुढे गेल्यावर जयंतने विचारलं, काय म्हणत होता? म्हटलं, दिवे चांगले बसलेत म्हणाला.